मंगळवारी तीन ते पाच

मंगळवारी तीन ते पाच
ट्वोरॉयरीच्या वाचनालयात, हीटरजवळच्या टेबलाशी बसून
मी म्हाताऱ्यांचे ईमेल पाठवून देतो.
मीही त्यांच्यातलाच, फक्त मला पासवर्ड आठवतात.
फी नाही. कुणी वाळवलेला मासा आणतं,
कुणी लोकरीचे मोजे, बहुधा भलत्याच मापाचे.

लोक येतात ते फोटो घेऊन.
मेंढ्यांचे, नातवाच्या दातांचे,
एकदा तर नुसत्या धुक्याचे चाळीस, एकाच ईमेलात.
सर्व्हर म्हणतो, एवढं ओझं मला पेलायचं नाही.
मी ते बारीक करून देतो.
धुकं कितीही बारीक केलं तरी
पलीकडून अजून तक्रार आलेली नाही.

हानुसचं उलटं.
त्याची फाइल ब्याऐंशी केबी, मेंढीच्या कानाएवढी,
आणि तीच कुठे जाईना.

सत्त्याण्णव साली त्याने स्वतः लिहिलेला प्रोग्राम.
तारीख घाला, सामुद्रधुनी निवडा,
पाणी कधी उत्तरेला ओढेल, कधी फिरेल,
आणि मधली वीस मिनिटं कधी
कुठलीच बाजू न घेता नुसतं उभं राहील,
ते तो सांगतो.
मुलीने मागितला होता. एका ओळीत. कारण दिलं नव्हतं.
पण नावाच्या शेवटी ईएक्सई,
आणि सर्व्हरने उंबऱ्यातच अडवलं:
सुरक्षेच्या कारणास्तव ही फाइल पाठवता येत नाही.

"सुरक्षा?" हानुस म्हणाला.
"याच्या भरवशावर तेवीस वर्षं बोट हाकली.
एक माणूस बुडाला नाही."
मी म्हटलं, सर्व्हरला ते ठाऊक नाही.
"मग आधी विचारायचं."

झिप केली. त्याने पिशवीत हात घालून पाहिलं.
शेपूट छाटून जेपीजी लावलं, म्हटलं हा फोटो आहे.
त्याने चेहरा न बघता पावलांवरून ओळखलं.
चार वाजून गेले.
रांगेतल्या बाईने विणकाम काढलं.

शेवटी कुलूप घालायचं ठरलं.
"शब्द टाक," मी म्हटलं, "तुझ्या मनातला,"
आणि माणसाने पाहावं तसं खिडकीबाहेर पाहिलं.
एका बोटाने सहा टिचक्या. मग परत सहा.
गेली.

"आता तो शब्द तिला कळव."
"लिही ना खाली."
"किल्ली कुणी त्याच पाकिटात घालत नाही, हानुस.
फोन कर."

तो गप्प.
गावात सगळ्यांना माहीत होतं:
दोन वर्षांपूर्वी त्याने बोट विकली, तिला न विचारता,
आणि ऑल्बोर्गहून मार्यून
नाताळापुरतं लिहिते, तेही सही न करता.

विणणाऱ्या बाईने सुया थांबवल्या.
हानुसने फोन कानापासून जरा लांब धरला,
जसा तो गरम असावा.
"हो. मीच. बरा आहे.
फाइल आली? तिला शब्द लागतो."
मग खाकरला.
"तेर्नन."

विकलेल्या बोटीचं नाव.

पलीकडे काहीच नाही.
हीटर टिकटिकत राहिला,
हानुस टेबलावरची रेघ नखाने कोरत राहिला,
पाणी नुसतं उभं.

मग तिचा आवाज, मलाही ऐकू आला इतका:
"पहिलं अक्षर मोठं का लहान?"
"मोठं," हानुस म्हणाला. "नाव आहे ते."

पाचला वाचनालय बंद होतं.
मी हीटर बंद करायला उठलो आणि परत बसलो.
ती विचारत होती, एवढा जुना आहे, अजून चालेल का.
तो म्हणाला, चंद्र बदललाय का?
आणि मग, हळू आवाजात,
जसं कुणाला उठवायचं नसावं:
"कुठली सामुद्रधुनी निवडलीस?"