छे

डॉक्टर पारीख म्हणाले, रोज दहा मिनिटं.
वाचा, लिहा, काय ते करा, मग डोळे मिटा.
म्हणून या ओळी अशा, आखूड.
कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये बसतील एवढ्या.
कुकर शेजारी. आमच्याकडे हल्ली
पातेल्यात भात.

वरून काहीच दिसत नाही.
टाका नाही, पट्टी नाही,
पोरांनी नावं लिहावीत असं प्लास्टर नाही.
ओट्याखाली पडलेलं ते
चहाचं... ते जाळीचं...
उचलायला वाकले,
आणि उठताना कपाटाचं उघडं दार.
एवढंच.
रजेचा अर्ज भरताना मुकुलनं विचारलं,
कारण काय लिहू?
लिही, म्हटलं, कपाट.

फोटोत मेंदू स्वच्छ आला.
‘सगळं नॉर्मल’ हे वाक्य मी
दांडिया बाजारापासून मांडवीपर्यंत ऐकलंय.
जिन्यात कोकिलाबेन भेटतात,
‘हवे तो सारुं छे ने?’
मी म्हणते, छे.
त्यांच्या भाषेत ते हो असतं,
माझ्या भाषेत नाही.
दोघी समाधानानं आपापल्या दाराकडे वळतो.

एकवीस वर्षं युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात
पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवले.
कुठलं पुस्तक कुठे, झोपेत सांगायचे.
आता ओळ संपते
आणि पुढची सापडत नाही,
अंधारात आणखी एक पायरी आहे समजून
पाय टाकावा, तशी.

एक दिवस बरं वाटलं. हावरट झाले.
सूरसागरला पूर्ण फेरी मारली,
मंगळ बाजारात उशांचे अभ्रे घेतले,
रिक्षावाल्याशी दहा रुपयांवरून भांडले,
जिंकले.
पुढचे चार दिवस, पडदे ओढून,
त्या दहा रुपयांचे हप्ते फेडले.

नवरात्रात कानात कापूस, वर उशी.
मैदान दीड किलोमीटर लांब,
तरी ढोल खिडकीच्या काचेत यायचा,
काचेतून पलंगाच्या लोखंडात,
लोखंडातून दातांत.
याच मैदानात लग्नाआधी मी पहाटेपर्यंत
तीन टाळ्यांच्या गोलात फिरायचे,
चप्पल हरवली तरी कळायचं नाही.
तिसऱ्या रात्री बघते तर
चादरीखाली पायाचा अंगठा
ताल धरून.
डोकं नको नको म्हणत होतं.
त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

ऋताचा चमचा ताटलीवर वाजला
आणि मी ओरडले.
असं ओरडले की खालचा कुत्रा भुंकला.
तेव्हापासून ती हातानं पोहे खाते.
न सांगता.
बोटं चाटते, हसते, म्हणते,
आई, घरात गॉगल लावून तू
व्हिलनच्या बायकोसारखी दिसतेस.
मीही हसते, हळू.
हसण्याचाही हल्ली आवाज होतो.

ती वस्तू, चहाची,
चार महिने मला गुजरातीतच आठवते. गळणी.
मराठीतलं नाव त्या दारानं ठेवून घेतलं.
मुकुल तोंड उघडतो,
मी हात वर करते. थांब.
माझं मला सापडू दे.
तो थांबतो. ‘क’ वरून आहे का,
एवढंही विचारत नाही.
गेल्या वर्षी असा थांबला असता का,
माहीत नाही.

आज पहाटे सगळे झोपलेले.
चहा मीच केला, मंद गॅसवर, दिवा न लावता.
बशीत ओतला,
भुकटी तळाला जाईतो बसून राहिले.
मग मुकुल उठून आला, म्हणाला,
अगं, कसा प्यायलीस?
म्हटलं, तसाच. न गाळता.

न गाळता.

दोघंही गप्प.
तो ओट्याला टेकून, मी स्टुलावर.
क्रियापद आलं होतं.
नाव अजून जिन्यात असेल,
कोकिलाबेनशी बोलत.

मिनिटं झाली