किल्ली कुवेतला आहे

पहिल्या हवेलीची किल्ली कुवेतला आहे.
खोदादाद हे असं सांगतो,
जशी काही ती तिथे नोकरीला लागली आहे
आणि ईदला येईल.

दुसरीचं काम चालू आहे. म्हणजे परांची बांधलेली,
वर एक मांजर,
खाली सिमेंटचं पोतं, पोत्याच्याच आकाराचा दगड झालेलं.
तिसरीत सरकारी कचेरी, आणि आज शुक्रवार.

मी एकतीस वर्षं बँकेत लॉकरच्या टेबलावर होते.
एक किल्ली तुमची, एक आमची,
दोन्ही फिरल्याशिवाय काही उघडत नाही –
हे इतक्या जणांना सांगितलं
की बंद दारापुढे मला आता अवघडल्यासारखं होत नाही.
उभी राहते. गुडघा तेवढा कुरकुरतो.

खोदादाद मात्र ओशाळलाय.
पाहुणी एवढ्या लांबून बुशेहरला आली
आणि आपण तिला दाखवली काय, तर कुलपं!
म्हणून मग तो भिंत दाखवतो.
त्याची नात माहरोख, अकरा वर्षांची,
शाळेतल्या इंग्रजीत सांगते: हात लावा.
लावते. दमट, खरखरीत,
आंबोळीसारखी जाळी पडलेली.

हा दगड डोंगरातला नव्हे.
ओहोटीला कमरेइतक्या पाण्यात उभं राहून
खोदादादच्या पणज्याने पहारीने उपसलेला.
पूर्वी जिवंत होता, हे माहरोखला इंग्रजीत जमत नाही;
ती नुसती बोटं उघडते, मिटते,
उघडते, मिटते.
उन्हाळ्यात समुद्रावरून ओला वारा आला
की भिंतींना पाझर फुटतो.
तिची आजी म्हणायची, घराला भरती आली,
गाद्या उचला.

वर निळ्या रंगाचा सज्जा, पट्ट्यापट्ट्यांचा,
आतून बाहेरचं दिसावं, बाहेरून आतलं नाही.
"लाकूड तुमच्याकडचं," माहरोख म्हणते,
आणि माझ्या पर्सकडे बघते,
मी ते परत न्यायला आले असेन तर.

आर्मेनियन चर्चच्या अंगणात थडगी आहेत.
त्यांवरची अक्षरं आता या गल्लीत कुणालाच वाचता येत नाहीत.
खोदादाद दर शुक्रवारी ती झाडतो,
अक्षरांच्या खाचांतली वाळू काडीने काढतो.
का, ते मी विचारलं नाही.
आमच्याकडेही काही लॉकर होते
ज्यांचं भाडं वेळेवर यायचं, माणूस कधीच नाही.

धक्क्यावर एक लाकडी गलबत कुशीवर पडलेलं.
मी सहज म्हटलं, नाखवा कुठाय?
खोदादाद थबकला. मग हसत सुटला, पोट धरून,
नाखवा नाही हो, नाखुदा! नाखुदा!
आणि छातीवर हात ठेवला: म्हणजे तोच, निवृत्त.
खाऱ्या पाण्यातून एवढं लांब यायचं
म्हणजे शब्दाची एखादी कड झिजणारच.
मी माझाच ठेवला, त्याने त्याचा.

परतताना पुन्हा पहिली हवेली.
दाराला दोन ठोके:
डाव्या फळीवर जाड दांडा, पुरुषांचा,
उजवीवर पातळ कडी, बायकांची.
आवाजावरून आत ठरायचं, दार कुणी उघडायचं.
माणसं गेली त्याला चाळीस वर्षं झाली,
पण माहरोख येता-जाता कडी वाजवतेच.
आता ती बाजूला सरकली. तुम्ही.

उचलली. कडी उन्हाने तापलेली.
तीनदा वाजवली, बारीक, नळाच्या थेंबांसारखी.
आत कुठेतरी काहीतरी हललं,
कबुतर असेल.
मी वळणार, एवढ्यात पोरीने बाही धरली.

"थांबा," म्हणाली,
"जिना उंच आहे.
त्यांना उतरायला वेळ लागतो."

थांबलो तिघंही.
मांजर परांचीवरून खाली आलं.
दारावरचं ऊन एकेक खिळा सोडत
वर सरकत राहिलं.