पेले मोजून घ्या

कागदावर लिहिलंय, शांत जागा निवडा.
कागद प्रागच्या कचेरीतून आला,
तिथे असतील शांत जागा.
आमच्या काचकारखान्यात भट्टी दिवसरात्र घुमते
आणि चाळिशी ओलांडलेला प्रत्येक जण
'जेवलास का' हेसुद्धा ओरडून विचारतो.

गोष्ट एका विनोदाची.
पाळी संपवून डेझिडर दाराबाहेर पडला
की ओटाकार म्हणतो, "पेले मोजून घ्या रे."
सगळे हसतात.
अकरा वर्षं हसतात.
डेझिडर रोमा आहे हे सांगितल्याशिवाय
यात हसण्यासारखं काय, ते कळत नाही.
सांगितल्यावर
हसण्यासारखं काही उरत नाही.

ओटाकारने मला फुंकणी धरायला शिकवली.
माझा भाजलेला हात गार पाण्यात धरून
अख्खी दुपार बसून राहिला होता.
आता मी त्याची मुकादम.

डेझिडरला विचारायचं कलम कागदात चौथं होतं,
मी ते आधी घेतलं.
तो सायकलच्या कुलपाशी वाकलेला.
"मला ऐकू येतं, ब्लाझेना.
दार तेवढं जाड नाही."
मग उघडलेलं कुलूपच उघडत राहिला.
"सगळ्यांसमोर माफी नको. केक तर नकोच.
माझा धडा करून भिंतीवर लावू नका.
आणि मी तिथे बसणार नाही.
त्याचा चेहरा पडताना बघायचं कामही
मीच करायचं का?"
मग काय हवं?
"गोदामाची किल्ली.
कालच्या पोरांकडे आहे.
मी अजून खिडकीशी उभा राहून माल मागतो."

किल्ल्यांचा जुडगा
माझ्याच कमरेला होता.

काच निववायच्या खोलीत ओटाकारला बोलावलं,
तिथे घुमणं जरा कमी पोचतं.
काच हळूहळू निववली नाही तर तडकते
हे इथे लिहायचा मोह होतोय,
पण ते आमच्या दर वर्षीच्या कॅलेंडरवर छापलेलं असतं.
राहू दे.
मी उजेडाकडे तोंड करून बसले.
त्याचा डावा कान गेलाय, माझे ओठ दिसायला हवेत.
दाराजवळची खुर्ची त्याला दिली,
उठून जावंसं वाटलं तर जाता यावं.

तीन वाक्यं पाठ केली होती.
पहिलंच घशात अडकलं.

"गंमत गं. तोही हसतो, विचार त्याला."
दाराबाहेर हसतो का, पाहिलंयस?
"अकरा वर्षं कोणी चकार शब्द काढला नाही
आणि आज तू मला,
मला चोरासारखं समोर बसवतेस?"

शब्द बाहेर पडला
आणि त्याचा त्यालाच ऐकू आला,
चांगल्या कानाने.

ती शांतता भरायला मी गेले नाही.
फार अवघड गेलं. ट्रॉलीवरचे पेले
मनातल्या मनात मोजत होते, हे लक्षात आल्यावर
लाज वाटली.
मग पाठ न केलेलं बाहेर आलं :
"मीही हसलेय, ओटाकार.
शिकाऊ होते तेव्हा सगळ्यांत मोठ्याने,
तुम्ही सगळ्यांनी मला आपली म्हणावं म्हणून.
पुढे हसणं सोडलं आणि मूग गिळून बसले.
त्यालाच सभ्यपणा समजत होते."

तो तळव्यांवरच्या घट्ट्यांकडे बघत राहिला.
माफी मागितली नाही.
उठताना "बरं" म्हणाला.
त्या बरं-चा अर्थ
मला अजून लागलेला नाही.

सोमवारी पाळी सुटली, डेझिडर निघाला, दार लागलं.
सगळ्यांच्या माना सवयीने ओटाकारकडे वळल्या.
तो एक पेला उजेडाला धरून
बुडबुडा शोधत होता.
शोधतच राहिला.
कोणीतरी खोकलं.

किल्ली मी शुक्रवारीच दिली होती,
वहीत सही घेऊन, इतरांची घेतो तशी.
आज डेझिडर तक्रार घेऊन आला,
त्याची पहिलीच :
कुलूप जाम आहे, तेल घालावं लागेल.

तेलाची बाटली ओटाकारच्या कपाटात असते.
हे त्याला ठाऊक आहे.
तो कुठल्या बाजूला वळला
ते बघायला मी थांबले नाही.