तिसरा रकाना

एबो आर्कोर्फुलच्या वहीत दोन रकाने होते.
डावीकडे: चालेल. उजवीकडे: चालणार नाही.
दर शुक्रवारी, सेकोन्डीच्या मेथडिस्ट चर्चमागच्या खोलीत,
पंखा बंद, खिडकीतून मासे धुरावल्याचा वास,
आम्ही पोरं फोन पुढे करायचो
जकात नाक्यावर गाठोडं सोडावं तसे.
तो डोळे मिटून ऐकायचा.
बिअर आली की उजवीकडे. कंबर आली की उजवीकडे.
देवाचं नाव आलं की डावीकडे, बिनबोभाट.
मी ड्रम वाजवायचो तेव्हा. मला ठाऊक होतं,
दोन्ही रकान्यांचा ठेका एकच आहे.
पण मला कोणी विचारलं नाही.

एकदा एकुआनं फोन आणलाच नाही.
स्वतःच म्हणून दाखवलं, आईचं गाणं,
भट्टीवर मासे उलटताना ती म्हणायची ते:
समुद्रावरून न परतलेला माणूस,
त्याची बिअरची उधारी,
आणि ती फेडायला बाईनं दोनदा मोजलेली नाणी.
देव कुठेच नाही.
एबोचं पेन जरा थांबलं,
मग उजवीकडे गेलं. एकुआ खाली बसली.

पुढचं त्यानंच सांगितलं, पुढच्या शुक्रवारी, उभ्या उभ्या.
टाकोराडीहून येताना, ट्रोट्रोच्या मागच्या बाकावर,
कोंबड्यांच्या टोपलीशेजारी,
ड्रायव्हरनं लावलेलं डावीकडचं गाणं.
"प्रभू चाळीस वेळा आला. मी मोजलं.
शत्रू एकोणीस वेळा.
आणि दर वेळी शत्रू पडला की माझ्यासमोर
तो सुतार ॲकन पडायचा,
माझे सहाशे सेडी बुडवून बसलेला.
तो पडायचा, मी टाळी वाजवायचो.
उतरलो तेव्हा तोंड गोड झालं होतं,
कुणाची निंदा केल्यावर होतं तसं.
रात्री मात्र ते भट्टीवरचं गाणं आलं, झोपू देईना.
सकाळी ॲकनकडे गेलो.
त्याची बायको सहा महिने अंथरुणावर आहे."

वही त्यानं फाडली नाही.
फाडेल असं वाटलं होतं; आम्हांला मजा आली असती.
उलट ते एक गाणं, बाईच्या अंगाची टर उडवणारं,
ज्यावर आम्ही सगळे माना डोलवल्या होत्या,
त्यावर पुन्हा रेघ मारली, कागद फाटेपर्यंत.
ते वाजत असताना तिसऱ्या बाकावरच्या एका मुलीनं
स्कार्फ पुढे ओढून घेतला होता,
आणि ते फक्त त्यानं पाहिलं होतं.

मग पट्टी घेऊन तिसरा रकाना आखला.
वर नाव घातलं नाही.

आता मी हॅम्बर्गच्या बंदरात क्रेन चालवतो.
कानात काहीबाही वाजत असतं.
चर्चला जातो; थंडी फार असली की नाही जात.
गाणं संपलं की क्षणभर बघतो
समोर कोणाचा चेहरा उभा आहे,
आणि मी त्याला उभा राहू देतोय की पाडतोय.
बहुतेक वेळा कोणीच नसतं.
नुसता ठेका, आणि खाली हलणारे कंटेनर.
तेव्हा काय लिहायचं,
ते एबोनं सांगितलं नव्हतं.