प्रकार: इतर

वास्कोच्या ऑफिसात चार कपाटं रिकामी झाली.
बार्जांचे परवाने, विम्याची पत्रं, मजुरीचे तक्ते,
सगळं आता एकाच जागी;
डिचोलीतून उघडा, कुडचड्यातून उघडा.

सगुणबाब विचारतात, 'म्हणजे नेमकं कुठं?'
मी पडद्याकडे बोट दाखवते.
ते पडद्यामागे वाकून बघतात.

सत्त्याऐंशीच्या फाइलीत, डिझेलच्या पावत्यांमागे,
गंजक्या टाचणीला एक चिठ्ठी:
'पोदेराक सांग, आयतारा शंभर उंडे.'
प्रकार निवडल्याशिवाय सिस्टिम पुढं सरकत नाही.

'मिंगेलचं अक्षर,' सगुणबाब म्हणाले,
'लेकीचं लग्न होतं त्याच्या.
उरलेले आम्ही सोमवारी बार्जवर खाल्ले,
चहात बुडवून.'

मी 'इतर' निवडलं.
शोधशब्द: उंडे.
बघण्याची परवानगी कुणाला,
तो रकाना अजून भरायचाय.