गलाई

वडील सेलमला होते, एकतीस वर्षं.
सराफांच्या गल्लीतला केर विकत घ्यायचे, झाडूसकट,
आणि भट्टीत घालून त्यातून
वालभर सोनं काढायचे.
विट्याच्या आसपासची कितीतरी घरं अशी
परमुलखाच्या केरावर उभी राहिली.
आमच्याही घरावर स्लॅब पडला.
वडिलांच्या छातीत मात्र तेजाबाचा धूर
राहिला तो राहिलाच.

गेल्या चैत्रात गारा पडल्या,
लिंबाएवढ्या.
माळावरची सोलर पॅनेलं फुटली, नऊशे चाळीस.
ठेकेदार म्हणाला, भंगार आहे, न्या. टेम्पो तुमचा.

एक घरी आणलं, ताटाशेजारी ठेवलं.
वडिलांनी चष्मा पुसला,
काचेखालच्या केसाएवढ्या रेघांवरून नख फिरवलं
आणि हातातला घास तसाच ठेवून म्हणाले,
"अगं, ही चांदी हाय."

बँकेतल्या बाईंनी विचारलं, तारण काय?
मी म्हटलं, ऊन.
त्या हसल्या नाहीत.
मग सांगितलं, आज छपराछपरावर चमकतायत ना,
ती सगळी एक दिवस म्हातारी होणार.
मी त्या म्हातारपणाचं दुकान मांडतेय.
बाईंनी पेनाचं टोपण काढलं,
पुन्हा लावलं.
सही सातव्या खेपेला झाली.

कुपवाडच्या शिकलगार मिस्त्रींनी पिंप केलं, झाकणाचं.
पहिलं गळलं.
दुसरं फुगलं, रात्रभर झोप नाही.
तिसऱ्यात धूर नळीतून पाण्यात उतरला
आणि तेजाब होऊन परत कामाला आला.
"एवढं झाकण कशाला?" वडील म्हणाले,
"आम्ही तर उघड्यावरच..."
पुढचं खोकल्यात गेलं.
उत्तर द्यायची गरज उरली नाही.

बारा पॅनेलांची मिळून बोराएवढी चांदी.
वडिलांनी ती दगडावर घासून पाहिली,
मग जिभेला लावली,
मग माझ्याकडे न बघता म्हणाले,
कस बरा हाय.
काच वेगळी, ॲल्युमिनियम वेगळं, खर्च वजा,
पॅनेलमागं सत्याऐंशी रुपये सुटले.
वहीत आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या.

परवा सेलमहून चुलतभावाचा फोन.
ऐकलं ते खरं का? तिकडं माणूस लागतो का?
दोन लागतात, म्हटलं.
वडिलांनी फोन मागून घेतला.
पगाराचं बोलतील वाटलं, राहायचं बोलतील.
बराच वेळ गप्प राहून
त्यांनी एवढंच विचारलं,
"खोकला कवापासनं हाय रं?"