पिन कोड

पहिल्या वर्षी मी नुसती बिलं भरत होते.
दुसऱ्या वर्षी कळलं, बिलाला शेपूट असतं:
शंभर रुपयांमागे चार पॉइंट्स.
सोमवार, बुधवार, शनिवार,
सातारा रस्ता, तिसरा मजला,
चार तास आईचं रक्त यंत्रातून फिरून परत येतं
आणि खाली काउंटरवर माझं कार्ड.

एकदा ॲप उघडलं तर आकडा दुप्पट.
औषधांवर ऑफर होती, महिनाअखेरपर्यंत.
मला आनंद झाला.
तो आनंद घेऊन जिन्यात उभी राहिले,
वर जाववेना.

मग लाज सोडली.
शेजारच्या पानशांचे चार टायर माझ्या कार्डावर,
सोसायटीचे उन्हाळ्यातले टँकर माझ्या कार्डावर,
मामेभावाच्या दुकानात मार्केटयार्डातून आलेली तूरडाळ.
तू रोख दे, मी स्वाइप करते.
तो म्हणाला, तायडे, तू सावकार झालीस की भिकारी,
एक काय ते ठरव.

आई सव्वीस वर्षं पिंपरीत टायपिस्ट.
पंपांची कंपनी, बेल्जियमशी पत्रव्यवहार.
आठवड्याला दोन पत्रं, खाली तीन कार्बन,
वर दर वेळी तोच पत्ता:
फान हेके आणि कंपनी, बारा नंबर,
कालव्याकाठची गल्ली, गेंट.
साहेब तिकडे चारदा जाऊन आले.
येताना सगळ्यांना एकेक चॉकलेट, मोजून.
चॉकलेट माझं. चांदी आईच्या शब्दकोशात.
मला वाटायचं, तो कालवा आपल्या पर्वतीखालच्या
कालव्यासारखाच असणार,
काठाला गोधड्या वाळत घातलेल्या.

एक लाख चौदा हजार सहाशे.
ब्रसेल्सला जाऊन-येऊन लागतात एक लाख वीस.
माझं तिकीट हप्त्यांवर, त्याचं काही नाही,
पण तिचं मला फुकट हवं होतं.
फुकट म्हणजे काय, ते तिसऱ्या मजल्यावर विचारा.

गुरुवारी सांगितलं,
गुरुवारी ती जरा माणसात असते.
"आणि बुधवारचं काय करायचं?"
म्हटलं, तिथेही सेंटर आहे, मेल टाकलीय,
एका वेळेचे इतके युरो.
तिचे ओठ हलले. रुपये करत होती.
"मग तेही कार्डावरच टाक," म्हणाली,
"मिळतील तेवढे पॉइंट्स."
आणि इतकी हसली
की फिस्टुलाचा हात दुसऱ्या हाताने धरून ठेवावा लागला.

उरलेले चोपन्नशे पानशांच्या फ्रिजने दिले
आणि कुणाच्या तरी मुंजीच्या जेवणावळीने.
त्या बटूचं नावही मला ठाऊक नाही.
त्याचं भलं होवो.

तीस मार्च, रात्री पावणेदहा.
उद्या जुने पॉइंट्स बाद.
एकच सीट दिसतेय, पंधरा मिनिटं धरून ठेवलेली,
कोपऱ्यात घड्याळ उलटं पळतंय,
ओटीपी येणारा फोन आतल्या खोलीत चार्जिंगला.
आई म्हणाली, "आण इकडे. दोन बोटांनी मारतेस,
सकाळ होईल."

आतून ऐकू आलं.
पंचेचाळीसचा स्पीड, अजून तसाच,
ओळ संपली की उजवा हात
नसलेला दांडा ढकलायला उचलत असणार.

परत आले तर
नाव बरोबर. जन्मतारीख बरोबर.
पत्त्याच्या रकान्यात
बारा नंबर, कालव्याकाठची गल्ली, गेंट, ९०००.
खाली लाल अक्षरं:
पिन कोड सहा अंकी हवा.

चार मिनिटं अकरा सेकंद.
बिबवेवाडी तिला आठवत नाही असं नाही.
बोटांना विचारलं, बोटांनी सांगितलं.

तिने चष्मा कपाळावर सरकवला,
त्या लाल ओळीकडे पाहिलं,
साहेबांचं डिक्टेशन चुकल्यावर पाहायची तसं.
"चारच असतात गं त्यांच्याकडे," म्हणाली.